चवथीआधीच्या मातीकामाच्या कार्यशाळा: एका शाळेतला आजार दुसरीत जाऊ नये म्हणून काय पाळता?

मातीकाम_पेडणे

नमस्कार. आम्ही सहा जणी चवथीच्या आधीचे तीन आठवडे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलांना मातीचा गणपती करायला शिकवतो. माती आमची, चहा शाळेचा, पैसे कोणी घेत नाही. हे सहावं वर्ष. इतकी वर्षं संसर्गाच्या बाबतीत 'हात धुवा रे' यापलीकडे आम्ही काही केलं नाही. परवा जे झालं त्याने माझी झोप उडाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मंगळवारी एका शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग घेतला. बुधवारी संध्याकाळी मुख्याध्यापिकांचा फोन आला, पुढे बसलेल्या एका मुलीला कांजिण्या उठल्या. आमच्यातल्या एका मैत्रिणीला चौथा महिना चालू आहे, आणि त्या मुलीच्या गणपतीची सोंड तिनेच हातात हात धरून वळवून दिली होती. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का, तिला आठवत नाही. आई हयात नाही, विचारायचं कोणाला? ती म्हणते, पुढच्या महिन्यात तपासणी आहेच, तेव्हा डॉक्टरांना सांगेन. तोवर थांबलं तर चालेल का?

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची. हात धुवायला आमची एकच निळी बादली असते. पहिल्या चार-पाच मुलांनी हात बुचकळले की पाणी गढूळ होतं, पंधराव्या मुलापर्यंत पेजेसारखं दाट. पुसायला दाराच्या कडीला टांगलेला एक पंचा. एका शाळेत एक मुलगा आपणहून सांगायला आला, "बाई, माका दोळे आयल्यात," आणि बोलताबोलता मनगटाने डोळा पुसला. मी त्याला खिडकीपाशी बसवलं आणि पुढे गेले. शेवटी त्यानेही त्याच बादलीत हात घातले. पाच दिवसांत आमच्यातल्या तिघींचे डोळे आले. मधल्या काळात आम्ही आणखी दोन शाळा केल्या होत्या, आणि तिथे उरलेली हीच माती पुन्हा मळून दिली होती. त्यातल्या एका शाळेत नंतर अर्धा वर्ग डोळ्यांनी घरी बसला. आमच्यामुळेच, हे कोणी सिद्ध करणार नाही. पण मला तसंच वाटतं आणि ते मनातून जात नाही.

तर, सॅनिटायझरची बाटली ठेवली की पुरे का? शाळेला आधी काय विचारावं? आणि आजारी मुलाला चारचौघांत कमीपणा न आणता बाजूला कसं बसवावं?

परिचारिका_डिचोली

ताई, आधी मैत्रिणीचं. पुढच्या महिन्यापर्यंत मुळीच थांबू नका, उद्या सकाळी दवाखाना उघडताच तिच्या डॉक्टरांना गाठा. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणजे मंगळवारी ती मुलगी ठणठणीत दिसत असली तरी तिच्याकडून लागण होऊ शकत होती. एका खोलीत पाव तास बसणं हाही संपर्कच धरतात, इथे तर हात धरला होता. रक्ताच्या एका तपासणीत कळतं की शरीरात कांजिण्यांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूशी लढणारी प्रथिनं, आहेत का. असली तर काळजी मिटली. नसली तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देण्याचा विचार करतात, ते संपर्कानंतर १० दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. लस मात्र गरोदरपणात देत नाहीत. प्रतिपिंडं नसली तर संपर्काच्या ८व्या दिवसापासून २१व्या दिवसापर्यंत तिने शाळेत जाऊ नये आणि दुसऱ्या गरोदर बाईजवळही बसू नये. इंजेक्शन घेतलं तर ही मुदत २८व्या दिवसापर्यंत जाते.

बाकी पाच जणींनीही आपापल्या घरी विचारून घ्या. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत आणि दिवस गेलेले नाहीत, त्यांना लसीचे दोन डोस घेता येतात. सरकारी लसीकरणात ही लस नाही, पदरचे पैसे घालावे लागतात.

आता ती निळी बादली. ती आजच घरी न्या. हात वाहत्या पाण्यातच धुवायला हवेत. शाळेत नळ नसला तर तोटीचा पिंप टेबलावर ठेवा, नाहीतर एकीने तांब्याने वरून पाणी ओतायचं आणि खाली टब. आधी माती उतरवायची, मग साबण लावून किमान २० सेकंद चोळायचं, नखांखाली सुद्धा. सॅनिटायझर मातीने माखलेल्या हातांवर काम करत नाही. शिवाय जुलाबाचे काही विषाणू आणि हात-पाय-तोंडाला फोड आणणारे विषाणू त्याला नीट दाद देत नाहीत. बाटली पिशवीत असू दे, साबणाच्या जागी नको. पंचा बंद, मुलांनी घरून आपापला रुमाल आणावा.

वापरलेली माती त्या शाळेतच सोडा. डोळे येण्याचे काही विषाणू सुकल्यावरही पुष्कळ दिवस टिकतात.

माझं खरं सांगणं मात्र तुम्हा सहा जणींबद्दल आहे. पेडण्याच्या वाड्यावरचा वर्ग आणि डिचोलीचा वर्ग एरवी कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये फिरता तुम्ही. म्हणून सगळ्यात कडक नियम स्वतःला लावा. ताप असला तर पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसेपर्यंत घरी. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी. डोळ्यांतून पाणी किंवा घाण येत असेल तर ती थांबेपर्यंत घरी. आणि दरवेळी सहाच्या जागी पाच जणींवर भागेल असा बेत ठेवा. नाहीतर वर्ग रद्द होईल या भीतीने माणूस तापातच निघतो, वॉर्डात मी हे फार पाहिलं आहे. कोण कुठल्या दिवशी कुठल्या वर्गात होती, हे वहीत लिहा. परवाच्यासारखा फोन आला की तीच वही लागते.

आदल्या दिवशी शाळेला फोन करून विचारा, वर्गात कोणाला ताप, पुरळ, डोळे, गालगुंड, जुलाब आहेत का. मुलाचं नाव विचारू नका आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर टाकूच नका.

मास्तर_सत्तरी

बाजूला बसवण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. मूल घरी पाठवायचं की नाही हे शाळेवर सोडा. आमच्याकडे आईवडील कामावर असतात, दुपारपर्यंत घरी कोणी नसतं, त्यामुळे डोळे आलेलं मूल वर्गातच बसतं. मग मी काय केलं, सगळ्यांनाच वेगळं केलं. प्रत्येकाला आपला वर्तमानपत्राचा कागद, आपला मातीचा गोळा, आणि माती गुळगुळीत करायच्या पाण्याला आपली करवंटी. पूर्वी चार मुलांत एक वाटी असायची, बोटं सगळ्यांची त्यात. करवंट्या गावात हव्या तेवढ्या मिळतात आणि काम झालं की चुलीत जातात. आजारी कोण आणि बरा कोण हे कोणालाच कळत नाही.

पाऊस तिरका आला की आपण खिडक्या लावून घेतो आणि पस्तीस मुलं कोंडतो. त्यापेक्षा व्हरांड्यात बसवा.

आणखी एक. माती कुठून आणता? शेतातली ओली माती मुलांकडून खणून घेत असाल तर थांबवा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक तापाचा आजार) होतो, तो पायाच्या भेगेतून, हातावरच्या खरचटल्यातून शिरतो. तुमच्या हातावर जखम असली तर पाणी न शिरणारी पट्टी लावूनच मळा.

मातीकाम_पेडणे

दोघांचेही मनापासून आभार. मैत्रिणीला काल सकाळीच घेऊन गेले. रक्त दिलं, अहवाल उद्या मिळेल. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. ती या वर्षी घरी बसून वही सांभाळणार आहे, तिने स्वतःच मागून घेतली.

माती कुंभाराकडची आहे, शेतातली नाही. पंचा फाडून फरशी पुसायला घेतला. काकांच्या घरी माळ्यावर तोटीचा पिंप मिळाला, तोटी गळते आहे, ती आज बदलून घेते. सोमवारच्या वर्गात ४० मुलं आहेत आणि करवंट्या २६च जमल्या आहेत. शेजारच्या वाड्यावर विचारायला आता निघते.