गायरानावर झाडं लावायची, पण तिथे कसणाऱ्यांचं काय?

केजकर

नमस्कार. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, बालाघाट डोंगराच्या पायथ्याला. गेल्या उन्हाळ्यात फेब्रुवारीपासून टँकर होता. तेव्हापासून पुण्या-संभाजीनगरात नोकरीला असलेल्या आम्ही पोरांनी पैसे जमवायला सुरुवात केली. मृग लागायच्या आत गावच्या गायरानावर चर खोदायचे, झाडं लावायची, कुंपण घालायचं, असं ठरलं आहे. ग्रामपंचायतही तयार आहे.

अडचण अशी की गायरानाच्या एका अंगाला मातंग वस्तीतली काही घरं आणि एक पारधी कुटुंब आजोबांच्या काळापासून जमीन कसतं. बाजरी, तूर, कधी मटकी. सातबारा सरकारी गायरानाचाच आहे. आमच्या या पोरांच्या मंडळातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं, ते अतिक्रमण आहे, ते हटवून सलग पट्टा घ्यावा, झाडं शेवटी सगळ्या गावासाठीच आहेत. हे बोलणं ग्रुपवर झालं आणि त्या वस्तीतली दोन पोरं ग्रुप सोडून गेली. त्यांच्यातला एक चर आखण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज आहे.

मी त्यांची बाजू घेतली तर मला सांगण्यात आलं, 'पर्यावरणाच्या कामात जातीचा आणि जमिनीचा विषय आणू नको. एका वेळी एकच काम कर.' मला हे पटत नाही, पण चारचौघांत मांडता येईल असं उत्तरही सापडत नाही. हे खरंच दोन वेगळे विषय आहेत का? कुठल्या गावाने दोन्ही एकत्र धरून काम केलं असेल तर नेमकं काय केलं? मला भाषण नको, उद्या जाऊन करता येईल असं काही सांगा.

सुहास, पुणे

केजकर, मी बरीच वर्षं टेकड्यांवर झाडं लावतो आहे, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे.

झाड जगतं ते पहिल्या तीन उन्हाळ्यांत कुणीतरी नेमाने पाणी घातलं तर. जे गट सगळे प्रश्न एकदम हाती घेतात, त्यांच्या बैठका वाढतात आणि रोपं मार्चमध्ये वाळतात. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. जमिनीचा हक्क कुणाचा हे तहसीलदार आणि कोर्ट ठरवेल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना सांगितलेलंच आहे. तो आदेश मुख्यतः धनदांडग्यांनी गिळलेली तळी आणि कुरणं परत मिळावीत म्हणून होता आणि तो योग्यच होता.

माझा सल्ला: कसलेला भाग सोडून द्या, वाद घालू नका, उरलेल्या मोकळ्या गायरानावर झाडं लावा. कुणाचं नुकसान नाही आणि काम सुरू होईल.

कोयत्याची लेक

सुहासदादा, तुमची तळमळ कळते. पण 'उरलेलं मोकळं गायरान' मोकळं नसतं. मी धारूरकडची. आमची आजी गायरान कसायची, आता चुलता कसतो. सातबारा नाही. तलाठ्याच्या १-ई नोंदवहीत, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीत, आजीचं नाव आहे. तेवढाच आमचा कागद.

त्या तुकड्यावर किती पिकतं हे विचारू नका. चांगल्या सालात चार-पाच महिन्यांची बाजरी होते. पण तो तुकडा होता म्हणून आजी गावात राहिली, आणि आजी राहिली म्हणून आम्ही भावंडं शाळेत राहिलो. ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं ती घरं पोरांसकट साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायची. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांचा हिशेब एकच. एक जण आजारी पडला तर खाडा दोघांचा. बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लोकांनी ती आरोग्याची बातमी म्हणून वाचली. माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तिशीतही नव्हती. मला त्यात जमीन दिसते, पाणी दिसतं आणि जात दिसते. आमच्याकडचं पाणी आटलं की आम्ही जातो ते जिथे ऊस पाणी पितो तिथे, तोच ऊस तोडायला. दुष्काळ एक आणि मजुरी दुसरी असं मला वेगळं करून दाखवा.

आता शेळ्यांचं. शेजारच्या गावात अशीच झाडं लावली. कुंपण आलं, चराईबंदी आली. सभेत सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या गोठ्यात म्हशी आणि बांधावर कडबा आहे त्यांना चराईबंदीने काय फरक पडतो? शेळ्या होत्या त्या विधवा बायांच्या आणि भूमिहीनांच्या. शेळी म्हणजे आमची बँक. पोराची फी, दवाखाना, सगळं तिच्यावर. दोन वर्षांत वस्तीवरच्या शेळ्या बाजारात गेल्या. चरांमुळे पाणी मुरलं, हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण ते वर आलं पायथ्याच्या विहिरींना, आणि त्या विहिरींवर पहिल्याच साली ऊस लागला. सोसलं वरच्यांनी, पिकलं खालच्यांचं. चौथ्या वर्षी कुंपणाच्या तारा तुटल्या. कुणी तोडल्या ते सगळ्या गावाला माहीत आहे, आणि गाव त्यांना चोर म्हणतं.

केजकरदादा, ग्रुप सोडून गेलेल्या पोरांना फोन करू नका. घरी जा. त्यांच्या आईला विचारा शेळ्या कुठं चरतात ते.

निवृत्त कृषी सहायक

ताईंनी जे लिहिलं ते मी नोकरीत असताना अनेक गावांत पाहिलं. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. माथ्याला गायरान, मुरमाड जमीन आणि गरीब माणूस. पायथ्याला काळी जमीन, विहीर आणि मोटार. बंदी माथ्यावर आणि लाभ पायथ्याला, ही त्या कामाची रचनाच आहे. त्यामुळे मुरलेलं पाणी कुणाचं हे आधी ठरवलं नाही तर तुम्ही कितीही निर्मळ मनाने खड्डे खोदा, तुम्ही पायथ्याच्या विहिरीसाठी खोदताय. सुहास म्हणतात की हक्काचं कोर्ट बघेल. तुमचं कुंपण कोर्टाच्या आधीच तो निकाल देऊन टाकतं.

'कुणी केलंय का' याचं उत्तर आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते स्वतः अभियंता आणि कारखानदार. देवस्थानाची उजाड जमीन कराराने घेऊन तिथे आधी पाणी अडवून दाखवलं. पण मला मोठे वाटतात ते त्यांनी आणि गावकऱ्यांनी केलेले नियम. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापर्यंत. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा.

हे नियम नीट वाचा. ऊस नको हा पर्यावरणाचा नियम की न्यायाचा? एकाने ऊस लावला तर दहा जणांची ज्वारी जाते आणि भूजलही जातं. तिथे दोन विषय नव्हतेच. एका नियमाने दोन्ही सांभाळलं. हिवरे बाजारनेही ऊस आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, म्हणून तिथे पाणी टिकलं.

दुसरं उदाहरण शेळ्यांचंच आहे. हरियाणात सुखोमाजरी नावाचं गाव आहे. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत होता आणि गाळ येत होता या गावाच्या बोडक्या डोंगरावरून. सत्तरच्या दशकात मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा तिथे गेले. बंधारे बांधले. सुरुवातीला पाणी थोड्या शेतकऱ्यांनाच मिळत होतं, तेव्हा बाकीचे डोंगर सोडायला तयार नव्हते. मग प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा ठरला, भूमिहीनांनाही. ज्याला शेती नाही तो आपला वाटा दुसऱ्याला विकू शकत होता. त्यानंतर लोकांनी आपणहून शेळ्या डोंगरावर सोडणं बंद केलं. वनरक्षकाची गरज पडली नाही. डोंगरावर गवत आलं, दूध वाढलं, आणि शहराचा तलावही वाचला.

आता केजकरांसाठी कामाचं.

१-ई नोंदीचा उतारा काढा. राज्य शासनाच्या १९९१च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची तरतूद आहे. ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची आहे, त्यामागे बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४च्या भूमिहीन सत्याग्रहांपासूनचा लढा आहे. मराठवाड्यात पुढे दलित चळवळीतले कार्यकर्ते एकनाथ आवाड यांनी तो गावोगाव नेला. सुहास, तुम्ही सांगितलेल्या २०११च्या निकालातही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे, म्हणजे जमीन कसण्याचे अधिकृत कागद, दिले असतील तर तो अपवाद मान्य केलेला आहे. तेवढा परिच्छेद बहुतेक लोक वाचत नाहीत. पट्टा झालेला नसेल तर अपवादही लागू होणार नाही, म्हणून कागद आधी करा.

आणि झाडांचंही बोलतो, कारण ते माझं आवडतं. बालाघाटच्या माळावर सलग झाडं लावायचा हट्ट का? माळरान हे पडीक जंगल नव्हे. गवताळ माळ हीच त्याची निसर्गस्थिती. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, सगळे त्या गवतावर जगतात. पूर्वी आमच्याच खात्यांनी गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून माळ झाकले. गिरिपुष्पाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगलं आणि आकडा पूर्ण झाला. चरायला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा पवना आणि मारवेल या गवतांची ठोंबं लावा, ओघळीच्या कडेने बोर, हिवर, लिंब. गायरानाचे तीन भाग करा, एका वेळी एकच भाग बंद ठेवा, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळ्या असलेल्या बायांना द्या.

सुहास, पुणे

काका, परिच्छेदाची माहिती मला नव्हती, धन्यवाद. गवताचा मुद्दा पूर्ण पटला. आमच्या टेकडीवरही गवत वाढू दिलं तिथे चंडोल परत आले.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. पाण्याचे वाटे ठरवायला बसलात तर पायथ्याचे विहीरवाले हे काम होऊ देतील का? ग्रामपंचायत त्यांच्याच हातात असते. आत्ता ती तयार आहे कारण तुम्ही फक्त झाडं म्हणताय. वाट्याचं नाव काढलं की पुढचा पावसाळा कोरडा जाईल.

केजकर

सुहासदादा, ही भीती खरी आहे. काल रात्री सरपंचांशी बोललो. उसाचा विषय काढताच त्यांचा आवाज बदलला. त्यांची स्वतःची विहीर ओढ्यालगत आहे.

तरी मंडळात आज जे ठरलं ते सांगतो. कसलेली जमीन आराखड्यातून वगळली आणि ते कागदावर लिहून घेतलं. काही जणांना आधी हे मान्य नव्हतं, काकांनी दिलेला सुखोमाजरीचा दाखला ऐकून त्यातला एक तयार झाला. सलग कुंपण रद्द. जमलेले पैसे तारांवर न घालता चर खोदायच्या मजुरीवर घालायचे आणि ती मजुरी आधी वस्तीतल्या घरांना, कारण त्यातले बरेच जण कारखान्यावरून नुकतेच परतलेत आणि काहींची उचल अजून फिटायची आहे.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे वस्तीवर गेलो. आधी कुणी बसा म्हटलं नाही. नंतर एका मावशींनी गायरानाचा सगळा नकाशा तोंडपाठ सांगितला: शेळ्या कुठं जातात, कुठल्या ओघळीत माघापर्यंत ओल राहते, कुठल्या उतारावर आम्ही आखलेले चर पहिल्याच पावसात वाहून जातील. आमच्या आराखड्यात यातलं काही नव्हतं. तो आराखडा गुगलच्या नकाशावर बसून काढलेला होता.

पाण्याच्या वाट्याचा विषय १ मेच्या ग्रामसभेत मांडायचा आहे. एकदम सगळं मिळणार नाही, म्हणून पहिली मागणी एवढीच: या चरांच्या खालच्या पट्ट्यात नवीन बोअर नाही, नवीन ऊस नाही, आणि गवताचा हक्क भूमिहीन घरांना, हे ठरावात लिहून. काका, ठरावाचा मसुदा तुम्ही बघाल का?

निवृत्त कृषी सहायक

पाठवा. गट नंबर आणि चतुःसीमा नक्की लिहा, नाहीतर पुढचा सरपंच म्हणेल की हा ठराव दुसऱ्या जमिनीचा. आणि गवताच्या हक्कात घरांची नावं बायांच्या नावाने लिहा.

कोयत्याची लेक

सभा सकाळी ठेवू नका, सकाळी बाया मजुरीला असतात. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी ठेवा, आणि जमलं तर देवळासमोर न घेता शाळेत घ्या, म्हणजे पारधी कुटुंबही येऊन बसेल. कुणी '२ ऑक्टोबरच्या सभेत बघू' म्हणालं तर ऐकू नका. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या ठरलेल्या असतात, आणि त्यानंतर आमच्यातलं हात वर करायला गावात कुणी उरत नाही.