केवळ स्त्रीपात्रांच्या विज्ञानकथा मालिकांनी काय साधते?

प्रश्न: विज्ञानकथा मालिकेतील सर्व प्रमुख भूमिका स्त्रियांनाच दिल्या, तर स्त्रीचित्रण खरोखर बदलते, की जुन्याच साच्यात केवळ नावे बदलतात?

पहिले उत्तर: संख्येपेक्षा पात्राला चुकण्याची मुभा किती, हे मला महत्त्वाचे वाटते. १९७८च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये लढाऊ वैमानिक स्टारबक पुरुष होता, २००३च्या नव्या रूपात ती स्त्री झाली आणि पत्त्यांच्या डावात वरिष्ठ अधिकाऱ्याला ठोसा लगावून कोठडीत गेली, तरी पटकथेने तिला सोज्वळ करण्याचा प्रयत्न केला नाही.

दुसरे उत्तर: हे मान्य, पण संख्येलाही मोल आहेच, कारण एकटीच स्त्री असली की तिला समस्त स्त्रियांचे प्रतिनिधित्व करावे लागते. ‘ऑर्फन ब्लॅक’मध्ये (२०१३) तातियाना मासलानी हिने जनुकीयदृष्ट्या सारख्या अनेक स्त्रिया साकारल्या, कोणी शास्त्रज्ञ, कोणी संसारात रमलेली, कोणी मारेकरी. चेहरा तोच, पण चालणे-बोलणे इतके निराळे, की ठरावीक स्त्रीस्वभावाची कल्पनाच ढासळते.

प्रश्नकर्ता: आणि अधिकारपदाचे काय?

तिसरे उत्तर: ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’मध्ये (१९९५) कप्तान जेनवे आणि मुख्य अभियंता टोरेस या दोघीही स्त्रिया असल्याने त्यांचे बोलणे साहजिकच यानाच्या बिघाडांविषयी होते, मला अशी दृश्ये सर्वाधिक मोलाची वाटतात.