फोन घेताना काय बघू, अपडेट की मोकळीक? (मोटारीचं अ‍ॅप अडलंय)

केळीवाला, रावेर:
माझा फोन २०१९ मध्ये घेतलेला. बॅटरी अजून दिवसभर पुरते, काचेवर ओरखडा नाही. पण कंपनीने २०२१ नंतर एकही अपडेट दिलं नाही, आणि गेल्या महिन्यात बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की या फोनवर आता चालणार नाही. केळीचे पैसे जमा झाले का ते बघायला गाडी काढून पासबुक छापून आणावं लागलं. धडधाकट फोन असा निकामी करतात, याचा मला खरंच राग आहे.

नवा घ्यायचा आहे, वीस हजारांपर्यंत. अडचण आहे मोटारीची. आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते. स्टार्टरला एक डबा जोडलाय, त्यात सिमकार्ड. अ‍ॅपमधलं हिरवं बटण दाबलं की विहिरीवरची मोटार घरून चालू होते. हे बसवण्याआधी रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधाने जायचो. एकदा ठिबकच्या नळीला लागून घोणस पडलेली होती, पाय तिच्यापासून वीतभर लांब. त्यामुळे या अ‍ॅपशिवाय मला जमणार नाही.

पण ते प्ले स्टोअरवर नाही. दुकानदाराने एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाईल, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, आणि ते दुकान आता बंद आहे. भाच्याच्या अँड्रॉइड १४ वर टाकून बघितलं, इन्स्टॉलच होत नाही. पुण्याचा मेहुणा म्हणतो, वापरलेला आयफोन घे. भुसावळचा मित्र म्हणतो, जुन्याच फोनवर लिनेजओएस (कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकून देतो. कोणाचं ऐकू?

मोबाईल दुरुस्ती, चोपडा:
लिनेजओएससाठी आधी बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्राम) उघडावा लागतो. त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, फोटोसुद्धा. बऱ्याच कंपन्या तो उघडूच देत नाहीत. तुमच्या मॉडेलसाठी कोणी लिनेज बनवत असेल तरच पुढचं बोलणं. आणि उघडलेला फोन गूगलच्या तपासणीत नापास होतो, मग बँकेचं अ‍ॅप पुन्हा अडतं. तुमचं दुखणं तर बँकेचंच आहे ना भो? मित्राचं काम चांगलं असेल, पण ते तुमच्या कामाचं नाही.

शिक्षक, धुळे:
मेहुण्याचं अर्धं बरोबर आहे. २०१८ च्या आयफोन एक्सआरला आयओएस (आयफोनची सिस्टीम) १२ पासून १८ पर्यंत सगळी अपडेट मिळाली, २०२५ मध्ये आयओएस २६ आलं तेव्हा तो वगळला. म्हणून वापरलेला घेताना तो बाजारात कधी आला ते साल बघा. पण तुमची एपीके आयफोनवर चालणारच नाही. अ‍ॅपलने दुसऱ्या दुकानांतून अ‍ॅप घ्यायची मुभा मार्च २०२४ मध्ये युरोपात दिली, तीही कायद्यामुळे. आपल्याकडे नाही.

मोकळीक मलाही हवी आहे. पण आमच्या गल्लीत एकाने लग्नपत्रिका समजून एपीके उघडली आणि खातं रिकामं झालं. बाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी काम झालं की लगेच बंद करत जा.

जळगावकर, सध्या पुण्यात:
दादा, अँड्रॉइड १४ पासून गूगलने अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांवर बनलेली अ‍ॅप नव्याने टाकणं बंद केलंय. आधीपासून असलेली चालत राहतात. तुमची त्यातच अडकली असणार. कॉम्प्युटरला फोन जोडून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं गूगलचं साधन) ती अट ओलांडता येते, सुट्टीत आलो की करून देतो. अपडेटचं म्हणाल तर तुमच्या पैशात गॅलेक्सी ए१६ ५जी बघा. ऑक्टोबर २०२४ चा आहे, सहा वर्षांचं वचन आहे. ती वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही.

एक विचारू? डब्यात सिम आहे म्हणजे अ‍ॅप नुसता एसएमएस तर पाठवत नाही ना? जुन्या फोनमध्ये पाठवलेले मेसेज बघा.

केळीवाला, रावेर:
बघितले. डब्याच्या नंबरवर तीन वर्षांचे मेसेज आहेत, प्रत्येकात पिन आणि पुढे चालू-बंदचा एक शब्द. मंगळवारी भाच्याच्या फोनवरून तेच हाताने टाईप करून पाठवलं. आधी काहीच झालं नाही. मग लक्षात आलं, डब्यात माझाच नंबर नोंदवलेला आहे. माझं सिम त्याच्या फोनमध्ये टाकलं आणि परत पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं, ‘मोटार चालू’. बागेत जाऊन ठिबकच्या नळीला हात लावून बघितला, पाणी वाहत होतं.

आता नवा फोन घेतो, त्यात हेच सिम. एपीके जुन्या फोनमध्ये जपून ठेवतो. बॉक्सवर साल छापलेलं असतं का, की दुकानदाराला विचारावं लागेल?

मोबाईल दुरुस्ती, चोपडा:
बॉक्सवर असतं ते तयार केल्याचं साल. बाजारात कधी आला ते मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साईटवर बघा, दुकानात जायच्या आधीच.