पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी मुंबईत स्वतंत्र आकार (शुल्क) असावा काय?

माटुंगेकर (प्रश्न):
आमच्या सोसायटीच्या मालमत्ता कराच्या देयकात सर्वसाधारण करासोबत मलनिःसारण कर, पथकर, वृक्ष उपकर असे रकाने आहेत. पर्जन्य जलवाहिन्यांसाठी मात्र एकही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पासाठी केंद्र सरकारने सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले आणि कामांना वेग आला. असा निधी आपत्तीनंतरच मिळणार असेल, तर एरवीच्या देखभालीचा पैसा कोठून उभा करावा? भूखंडावर जेवढ्या भागात पाणी मुरत नाही, तेवढ्या भागावर आकार लावणे योग्य ठरेल काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त अभियंता:
माटुंगेकर, माझ्या मते असा आकार न्याय्य आहे, आणि त्याचे कारण आराखड्याच्या गणितातच सापडते. शहरातील जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि त्यातलेही निम्मेच पाणी वाहिनीत येईल असे धरून बांधल्या होत्या. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि जमिनीत काहीच मुरणार नाही, असे गृहीत धरले. म्हणजे पाऊस दुप्पट धरला, पण वाहिनीवरचा भार चौपट झाला. त्यातली एक दुप्पट मैदाने, परसदारे आणि सोसायट्यांची अंगणे काँक्रीट व पेव्हर ब्लॉकखाली गेल्यामुळे आहे. १,००० चौरस मीटरचे पूर्ण फरसबंद आवार घ्या: ताशी ५० मिलिमीटर पावसात त्यावरून तासाभरात ५०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर भरतील एवढे पाणी गल्लीतल्या जाळीवर येऊन पडते. शेजारच्या सोसायटीने तेवढ्याच जागेत माती आणि झाडे राखली असली, तरी आज दोघींच्या देयकात या बाबतीत काडीचाही फरक पडत नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०१० पासून व्यावसायिक मालमत्तांचा पर्जन्यजल आकार प्रामुख्याने अशा न मुरणाऱ्या क्षेत्रावर ठरवायला सुरुवात केली आणि आवारातच पाणी जिरवणाऱ्यांना त्यात सवलत दिली. मला ही सवलत आकाराइतकीच महत्त्वाची वाटते, कारण वाहिनीपर्यंत न पोहोचलेल्या पाण्यासाठी वाहिनी रुंद करावी लागत नाही.

वरळीकर:
अभियंतासाहेबांच्या विवेचनात भरतीचा मुद्दा जोडतो. मुंबईतील बहुतेक पातमुखे, म्हणजे वाहिन्यांचे पाणी समुद्रात सोडणारी तोंडे, भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की झडपा बंद ठेवून पाणी पंपांनी उपसावे लागते. पंपांची वीज, चाळण्यांत अडकणारा कचरा, नालेसफाई हा खर्च दरवर्षीचा आहे आणि तो एकदाच मिळणाऱ्या अनुदानावर भागत नाही. मात्र पैसा हा एकच अडसर नाही. ब्रिमस्टोवॅडमधील आठ उदंचन (पाणी उपसा) केंद्रांपैकी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षे रखडली, त्यात जागेचा प्रश्न मोठा होता. निधीचे नियोजन करताना जागा आधी ताब्यात असली पाहिजे. सखल हिंदमाता परिसरात तुंबणारे पाणी धरून ठेवायला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधता आल्या, त्या या मोकळ्या जागा शिल्लक होत्या म्हणूनच.

परळची रहिवासी:
आकारास माझा विरोध नाही, परंतु तो सरसकट नसावा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्याच चाळींतल्या लोकांवर, ज्यांच्या तळमजल्यात दर पावसाळ्यात पाणी शिरते, मागच्या दाराने नवा बोजा येऊ नये. सुरुवात मॉल, कार्यालयांची आवारे आणि मोठी वाहनतळे यांपासून करावी. जमा होणारा पैसा स्वतंत्र खात्यात राहावा आणि कोणत्या नाल्यातून किती गाळ काढला, तो कोठे टाकला, हे त्या खात्यातील खर्चासह प्रभागनिहाय जाहीर व्हावे. एवढे झाले, तर आमच्या चाळीतले लोकही या मागणीच्या बाजूने उभे राहतील.