कुलाबा स्टेशन आणि आपली ठाण्याची गाडी

कुणीतरी म्हटलंय की ठाण्याच्या गाड्या पूर्वी थेट कुलाब्याला जायच्या. नाही हो! ठाणं जीआयपीच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गावर. आपली गाडी 1853 पासून बोरीबंदरची, पुढे व्हीटीची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची. कुलाबा टर्मिनस बीबी अँड सीआयचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं, चर्चगेटच्याही पुढे. मुंबईचा कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्यातच भरायचा. तो नंतर शिवडीकडे हलला. हार्बरच्या वाशी-पनवेलकरांना त्याच बाजाराच्या नावाचं कॉटन ग्रीन स्टेशन रोजचंच आहे.

कुलाब्याचं टर्मिनस 1896 चं. जानेवारी 1928 मध्ये पश्चिमेची पहिली विजेची लोकल धावली तीसुद्धा कुलाबा ते बोरिवली. आणि तीन वर्षंही झाली नाहीत तोच, 31 डिसेंबर 1930 ला स्टेशन कायमचं बंद! बॅकबेच्या (चर्चगेट-कुलाब्याच्या पश्चिमेकडच्या खाडीच्या) भरावामुळे सरकारला ती जागा हवी होती. लांबच्या गाड्या त्याच महिन्यात सुरू झालेल्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटला थांबायला लागल्या. एवढा खर्च करून तारा ओढल्या कशाला, हे कोडंच.

बघायला जाणार असाल तर सीएसएमटीला उतरून बधवार पार्क विचारा. रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, ती त्याच स्टेशनच्या यार्डाच्या जागेवर. रूळबिळ शोधू नका, काही उरलेलं नाही.