मदत हवी आहे: रूममेटचा स्वभावच तसा की हे डिप्रेशन?

चहात_बिस्कीट:
नमस्कार, जरा मोठं लिहिलंय, सांभाळून घ्या. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहते, खोलीत तिघी होतो, एकीचं लग्न ठरलं म्हणून ती गेली, त्यामुळे जूनपासून मी आणि ताईच. सख्खी नाही, तीन वर्षांनी मोठी आहे म्हणून ताई म्हणते. राज्यसेवेची तयारी करते, तिसरा अटेम्प्ट. मी केमिस्ट्रीवाली, सायकॉलॉजीतलं ओ की ठो कळत नाही.

तर ताईला पहिल्यापासून कुणाला नाही म्हणताच येत नाही. मेसचे डबे आणायचे असोत की कुणाच्या नोट्सच्या झेरॉक्स, सगळ्या हिलाच सांगणार आणि ही अभ्यासिकेतनं उठून जाणार. राग आला तरी गिळणार. पण प्रिलिम थोडक्यात गेली तेव्हापासून बदललीच. रात्री दोन-तीनपर्यंत जागी, डबा तसाच परत, अभ्यासिकेची फी भरलीये पण आठवड्यातनं एकदा गेली तर गेली. हे सगळं एकवेळ समजू शकते मी, पण दिवसातनं पाच-सहा वेळा विचारते, "चिडलीस का गं माझ्यावर?" नाही म्हटलं की दहा मिनिटं बरी, मग परत "खरं सांग ना." मेसेज वाचून रिप्लाय नाही दिला तर लॅबमध्ये फोन. सुरवातीला जवळ घेऊन समजवायचे, आता खरंच चिडायला लागलेय, मुद्दाम आठ-साडेआठपर्यंत लॅबमध्ये बसते, ते तिला कळतं आणि मग ती अजून विचारते...

स्वभाव असा म्हणून डिप्रेशन आलं की डिप्रेशनमुळे स्वभाव असा झाला? स्वभावच असेल तर त्याला औषध काय? घरी सांगावं तर वडील म्हणतील ये परत, स्थळं बघू.

गोधडी:
पहाटे उठून दोघी पर्वतीवर जा. महिन्याभरात फरक पडेल. आमच्या वेळी नव्हतं बुवा हे असलं.

दहिवर:
काका, जी पोरगी डबा उघडायला उठत नाही ती पर्वती चढणारे होय?

पायरीवरची:
कॉलेजात समुपदेशक आहे. ताईला न भेटता निदान करणार नाही, पण तू जे चक्र लिहिलंयस ते मानसशास्त्रात जुनं आहे. जेम्स कॉयन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये हेच मांडलं: खचलेला माणूस सारखी खात्री मागतो, जवळचे देतात, त्याला ती खरी वाटत नाही, परत मागतो, मग जवळचे वैतागतात आणि "बघा, मी नकोसाच आहे" हे त्याला पटतं. त्याने विद्यार्थ्यांना डिप्रेशनच्या पेशंटशी फोनवर फक्त 20 मिनिटं बोलायला लावलं तर त्यांचाच मूड उतरला. तू तर एका खोलीत राहतेस बाई! पुढे 1992 मध्ये थॉमस जॉयनर आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या रूममेट्सवरच अभ्यास केला, त्यात सारखी खात्री मागणारी, स्वतःला कमी लेखणारी, थोडी खचलेली मुलं रूममेटला नकोशी झालेली दिसली. पण हे मुलग्यांत दिसलं, मुलींत नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं स्वतःला चिकटवू नकोस.

आता स्वभाव की आजार. तू दोन गोष्टी एकाच पिशवीत भरल्यास. नाही म्हणता न येणं जुनं आहे, सारखं "चिडलीस का" विचारणं प्रिलिमनंतरचं. पहिला स्वभाव, दुसरं बहुतेक आजाराचं बोलणं. ज्यांची स्वतःची किंमत दुसऱ्याच्या पसंतीवर टांगलेली असते त्यांना असा फटका जास्त लागतो, इथे मार्कांपेक्षा "घरचे काय म्हणतील" हेच जास्त बोचत असणार. आणि डिप्रेशनमध्ये माणूस स्वतःचा स्वभावही काळ्या चष्म्यातनंच सांगतो, त्यामुळे "मी अशीच आहे" म्हणाली तरी लगेच मान्य करू नकोस, तिच्या बारावीच्या एखाद्या मैत्रिणीला विचार.

पीएचक्यू-9 म्हणून नऊ प्रश्नांची चाचणी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, 27 पैकी 10 किंवा वर आले तर डॉक्टरला दाखवायचंच. निदान नव्हे ते, पण तारीख ठरवायला बरं पडतं. आणि स्वभावाला औषध नाही म्हणतेस, तर नात्यांवरच काम करणारी एक थेरपी आहे, क्लर्मन आणि वाइसमन यांची, साधारण 12 ते 16 सेशन्स. माणूस बदलत नाहीत त्यात, नाही कसं म्हणायचं, मागायचं कसं हे शिकवतात.

तू दरवेळी "नाही गं चिडले" म्हणणं बंद कर, ते उत्तर झिजलंय. "चिडले नाहीये, दमलेय, नऊ वाजता चहा घेऊ तेव्हा बोलू" असं म्हण आणि नऊला खरंच बस. एकदा सरळ विचार, मरून जावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात भरत नाही ते. हो म्हणाली तर एकटी सोडू नकोस, तिला न विचारता घरी कळव आणि हॉस्पिटल गाठा. तसं नसेल तर घरच्यांचं आधी तिलाच विचार. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 24 तास, फुकट, मराठीतही बोलतात. तो तुझ्यासाठीही आहे.

चहात_बिस्कीट:
थँक यू, दोन वेळा वाचलं. "दमलेय" म्हटलं काल, घाबरतच. ती गप्प झाली, मग म्हणाली मीपण. मरण्याचं विचारलं, नाही म्हणाली, पण "झोपावं नि उठूच नये असं वाटतं" म्हणाली. हे त्यातच धरायचं का?

पायरीवरची:
हो, त्यातच धरायचं. आज रात्री तिच्यासोबतच राहा, आधी 14416 ला दोघी मिळून फोन लावा आणि उद्या सकाळी मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन जा, नोंदणीच्या रांगेत तू थांब, तिला नको उभं करू. रात्रीत काही वेगळं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.