'नामशेष' की 'आटलेली'? एक शब्द हवाय

मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. भाची बारावीला आहे, इंग्लिश मीडियम, आणि तिला गणेशोत्सवात मराठीतून सूर्यमालेच्या सुरुवातीला असलेल्या शॉर्ट-लिव्ड किरणोत्सारी मूलद्रव्यांवर बोलायचंय. मी पटकन 'अल्पायुषी' सांगितलं तर आई म्हणाली गणपतीसमोर हा शब्द नको गं, आणि खरंच, आपल्याकडे अल्पायुषी म्हटलं की कुणाचं तरी अकाली गेलेलं लेकरूच आठवतं. शिवाय अल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य (म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ) सात लाख वर्षं, ते 'अल्प' म्हणताना जीभ अडखळते. आणि ही आता संपली आहेत, तर 'नामशेष' लिहू की 'लुप्त'?

प्रतिसाद १
'अल्पजीवी' घ्या, त्यात अशुभ काही नाही. ४५६ कोटी वर्षांपुढे सात लाख अल्पच. आणि शक्यतो 'समस्थानिक' (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) म्हणा, कारण अल्युमिनियम हे मूलद्रव्य काही संपलेलं नाही, आपल्या पातेल्यात आहेच की.
'नामशेष' मात्र नको. नामशेष म्हणजे फक्त नाव उरलेलं, इथे तर खूण उरली आहे. १९६९ साली मेक्सिकोत आयेंदे अशनी पडला (उल्का नव्हे हं, जमिनीवर पोचला की अशनी), त्यात पांढरे दाणे आहेत. अल्युमिनियम-२६ मोडून त्याचं मॅग्नेशियम-२६ होतं, आणि १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या लोकांना दिसलं की दाण्याच्या ज्या भागात अल्युमिनियम जास्त तिथे मॅग्नेशियम-२६ पण जास्त. हिंग संपला तरी डबीला वास राहतो ना, तसं. 'लुप्त' पण नको, कारण आकाशगंगेत अल्युमिनियम-२६ आजही तयार होतंय, त्याचे गॅमा किरण पकडलेत. आपल्या इथलं तेवढं आटलं. म्हणून मी 'आटलेली' म्हणेन, विहीर आटते तसं.

प्रतिसाद २
'आटलेली' फार आवडलं! मग 'इंजेक्शन'ला (ही मूलद्रव्यं बाहेरून आपल्यात येऊन मिसळणं) पण घरचाच शब्द घ्या, पुस्तकातलं 'अंतःक्षेपण' कुणाला कळणार. जवळच्या सुपरनोव्हातून (ताऱ्याच्या स्फोटातून) किंवा मोठ्या ताऱ्याच्या वाऱ्यातून हा माल, ज्यातून सूर्यमाला बनली त्या आपल्या ढगात आला असं मानतात, तर 'विरजण' लावलं म्हणा. तुमच्या अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेतल्या लोकांनी १९९४ मध्ये एफ्रेमोव्का अशनीत कॅल्शियम-४१ ची खूण दाखवली, त्याचं अर्धायुष्य जेमतेम एक लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यात बनल्यापासून दाण्यात अडकेपर्यंत दहा लाख वर्षंही गेली नसतील. ताजं विरजण!

मूळ लेखिका
काल रात्री दूध कोमट करून चमचाभर दही घालताना हाच विचार करत होते (शेजारच्या बेन याला 'मेळवण' म्हणतात, तोही गोड शब्द). प्रमाण अगदी जुळतं, साध्या अल्युमिनियमच्या वीस हजार अणूंमागे अल्युमिनियम-२६ चा एक, आणि तेवढ्याच्या उष्णतेने सुरुवातीचे छोटे ग्रह आतून वितळले. पण विरजण पातेल्यात वाढत जातं, हे तर दर सात लाख वर्षांनी निम्मं होतं, तिथे मला खटकतं. आणि विरजण नसलं की आपण शेजारून आणतो, पण सगळं काही बाहेरून आलेलं नाहीये. बेरिलियम-१० ताऱ्याच्या पोटात बनतच नाही, ते वेगवान कणांच्या माऱ्याने अणू फुटून बनतं, आणि आयेंदेच्याच दाण्यात २००० साली त्याची खूण सापडली, म्हणजे ते बरंचसं कोवळ्या सूर्याजवळच, घरीच झालं असणार. म्हणून विरजण फक्त अल्युमिनियमसारख्यांपुरतं ठेवते, तेही 'जणू' लावून.
'आटलेली' आणि 'अल्पजीवी' पक्कं, आईलाही चाललं. आता 'डॉटर'साठी, म्हणजे मोडून जे नवं बनतं त्यासाठी काय? भाचीला सरळ 'लेक' म्हणायचंय, अल्युमिनियमची लेक मॅग्नेशियम. मला तर फारच आवडलंय, कुणाची हरकत असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.